श्वासाचा हिशेब कागदावर: दाब, टक्का आणि प्रमाण

आत्याचं हिमोग्लोबिन ६.८ आलं तेव्हा ती आमच्याकडेच राहत होती. दोन जिने चढून आली की सोफ्यावर बसायची आणि पाच मिनिटं तोंडातून शब्द काढायची नाही. कुणीतरी बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ आकडा दिसला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "ऑक्सिजन तर भरपूर आहे, वयानं होतंय," असा निकालही लागला. मी दिनदर्शिकेचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं आणि हिशेब मांडायला बसले.

नर्सिंगच्या मुलींना मी हाच हिशेब शिकवते. दरवर्षी त्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते: ऑक्सिजनचा दाब, तांबड्या पेशींतलं ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन किती भरलं त्याचा टक्का आणि रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, हे तीन आकडे त्या एकच समजतात. एसटीची गाडी डोळ्यासमोर आणा. स्टँडवरच्या गर्दीचा रेटा म्हणजे दाब. किती सीट भरल्या तो टक्का, ऑक्सिमीटर दाखवतो तो हाच. गाडीतून प्रत्यक्ष किती माणसं गावाला पोचली ते प्रमाण. बारा सीटची जीप आणि पन्नास सीटची एसटी, दोन्ही ९८ टक्के भरलेल्या असू शकतात.

कागद, पेन्सिल आणि फोनमधला कॅल्क्युलेटर घ्या. खाली 'मिमी' म्हणजे पाऱ्याच्या उंचीत मोजलेला दाब आणि 'मिली' म्हणजे मिलिलिटर. या दोघांची गल्लत करू नका, मुली हमखास करतात.

१. आपल्या गावच्या हवेचा दाब लिहा

समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याला ७६० मिमी उंच उचलून धरतो. जसजसं वर जावं तसतशी डोक्यावरची हवा कमी होते आणि दाब उतरतो. मुंबईत ७६०, पुण्यात साधारण ७११, महाबळेश्वरला ६४६ च्या आसपास, लेहला सुमारे ४९५ आणि खारदुंग ला खिंडीत ४०० च्या जवळपास.

इथे एक खोडा आहे. फोनवरचं हवामानाचं ॲप पुण्यातही समुद्रसपाटीला आणून ठेवलेला दाब दाखवतं, कारण हवामानवाल्यांना गावागावांची तुलना करायची असते. आपल्याला तो आकडा उपयोगाचा नाही. आपल्या गावाची उंची बघा आणि त्या उंचीचा प्रत्यक्ष दाब घ्या.

उंचावर ऑक्सिजनचा टक्का कमी होतो असं सर्रास म्हटलं जातं. तो होत नाही. मरीन ड्राइव्हवर असो की एव्हरेस्टवर, कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्केच असतो, हिशेबाला २१ धरा. उतरतो तो एकूण दाब. मिश्रणातला प्रत्येक वायू आपल्या वाट्याइतका दाब देतो हे जॉन डाल्टनने १८०१ साली मांडलं, त्या वाट्यालाच आंशिक दाब म्हणतात. कोरड्या हवेत मुंबईला तो ७६० च्या २१ टक्के, म्हणजे १६० मिमी.

२. आधी वाफेचे ४७ वजा करा, मग गुणा

नाकातून घशात आणि तिथून श्वासनळीत जाईपर्यंत हवा ३७ अंशांपर्यंत तापते आणि वाफेने पूर्ण भरते. या तापमानाला वाफ ४७ मिमी जागा अडवते, बाहेर मे महिना असो की थंडी. वाफ आधी आपला वाटा घेते आणि उरलेल्यावर बाकीचे वायू भागवतात.

मुंबई: ७६० वजा ४७ म्हणजे ७१३. त्याचे २१ टक्के म्हणजे १५०.
पुणे: ७११ वजा ४७ म्हणजे ६६४. २१ टक्के म्हणजे १३९.
लेह: ४९५ वजा ४७ म्हणजे ४४८. २१ टक्के म्हणजे ९४.

परीक्षेत निम्म्या मुली आधी २१ टक्के काढून त्यातून ४७ वजा करतात. तसं केलं तर मुंबईत ११३ येतात आणि पुढचं सगळं गणित पाण्यात जातं. वाफेचा वाटा उंचीने कमी होत नाही हेही लक्षात ठेवा. एव्हरेस्टच्या माथ्यावर १९८१ साली मोजलेला हवेचा दाब २५३ मिमी होता, त्यातले ४७ वाफेनेच खाल्ले. उरलेल्या २०६ मध्ये ऑक्सिजनच्या वाट्याला आले जेमतेम ४३.

३. हवा आत येते ती अर्ध्या चमच्याच्या फरकाने

फुप्फुस स्वतः हवा ओढत नाही, त्याला स्नायूच नाहीत. छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल खाली सरकतं, बरगड्या वर-बाहेर जातात, छातीची पोकळी वाढते आणि फुप्फुस तिच्याबरोबर ताणलं जातं. जागा वाढली की दाब उतरतो, हा रॉबर्ट बॉईलचा १६६२ चा नियम. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला की हवा आपण होऊन आत येते.

किती कमी? शांत श्वासात जेमतेम एक सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे पाऊण मिमी. स्ट्रॉने उसाचा रस ओढताना तोंडात याच्या दहापट ओढ लागते. आता गणित करा. शांतपणे श्वास सोडल्यावर फुप्फुसात सुमारे २४०० मिली हवा शिल्लक असते. ७६० गुणिले २४०० भागिले ७५९.२५ केलं की २४०२.४ मिली येतात. पाऊण मिमी दाब उतरवायला छातीने हवेच्या फक्त अडीच मिली, म्हणजे अर्धा चमचा, पुढे राहायचं असतं. दमा झालेल्या माणसाच्या नळ्या आकसल्या की हवा मागे रेंगाळते आणि हा अर्धा चमचा पुरत नाही. मानेचे, खांद्याचे स्नायू कामाला लागलेले दिसतात ते म्हणूनच.

बॉईलचा नियम अंगावर येतो तो मालवणला. तारकर्लीच्या समुद्रात दहा मीटर खोल गेलं की दाब दुप्पट होतो. तिथे नळकांड्यातून भरून घेतलेले पाच लिटर वर येताना दहा लिटर होऊ पाहतात. म्हणून स्कूबा शिकवणारा पाण्यात उतरण्याआधी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतो: श्वास धरून वर यायचं नाही.

४. किती हवा घेतली आणि किती कामाला आली

हे घरी मोजता येतं. पाच लिटरचा तेलाचा रिकामा, स्वच्छ धुतलेला पारदर्शक कॅन घ्या. मापाने अर्धा-अर्धा लिटर पाणी ओतत मार्करने खुणा करा. कॅन काठोकाठ भरा, तोंडावर हात ठेवून पाण्याच्या टबात पालथा करा. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप मीटरभर आणा, एक टोक कॅनच्या तोंडात सरकवा. नाक चिमटीत धरा, नेहमीसारखा श्वास घ्या आणि पाइपमध्ये नेहमीसारखा सोडा. जोर लावू नका. कॅनमधलं पाणी साधारण अर्धा लिटर खाली उतरेल. आता कॅन पुन्हा भरा, छाती फुटेस्तोवर श्वास घ्या आणि शेवटचा थेंब निघेपर्यंत सोडा. बहुतेक मोठ्या माणसांचा आकडा तीन ते पाच लिटरच्या दरम्यान येतो. जॉन हचिन्सनने १८४६ साली हीच युक्ती वापरून फुप्फुसाची क्षमता मोजायचं यंत्र केलं, फक्त त्याचं भांडं घडीव होतं.

दोन दुरुस्त्या मात्र हव्यात. वाचताना कॅन वर-खाली करून आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करा. आतलं पाणी २० सेंटिमीटर वर असेल तर आतल्या हवेचा दाब १५ मिमीने कमी असतो आणि ती दोन टक्के फुगलेली दिसते. दुसरी दुरुस्ती तापमानाची. ३७ अंशांची हवा २५ अंशांच्या पाण्यात थंड होऊन आकसते, म्हणून आलेल्या आकड्याला १.०७ ने गुणा. पाइपमधून उलटा श्वास घेऊ नका. हृदयविकार असलेल्यांनी आणि नुकतंच हर्नियाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी हा जोराचा प्रयोग करू नये.

आता खरा मुद्दा. ५०० मिलीच्या श्वासातले सुमारे १५० मिली नाक, घसा आणि श्वासनळ्यांतच राहतात. तिथे रक्त नाही, देवघेव नाही. ही फुकट गेलेली हवा प्रत्येक श्वासाला मोजावी लागते.

मिनिटाला १२ श्वास, प्रत्येकी ५०० मिली: एकूण ६ लिटर. कामाला आलेली हवा ३५० गुणिले १२, म्हणजे ४.२ लिटर.
मिनिटाला २४ उथळ श्वास, प्रत्येकी २५० मिली: एकूण तेच ६ लिटर. कामाला आलेली हवा १०० गुणिले २४, म्हणजे २.४ लिटर.

बाजूला बसलेल्याला दुसरा माणूस जास्त श्वास घेताना दिसतो. वॉर्डात "पेशंट छान श्वास घेतोय" असं कुणी म्हटलं की मी मुलींना छाती किती उचलली जाते ते बघायला लावते.

५. वायुकोशातला दाब

हवा शेवटी वायुकोशात पोचते. द्राक्षाच्या घडासारखे कोट्यवधी फुगे आणि प्रत्येकाभोवती केशवाहिन्यांची जाळी. तिथे ऑक्सिजन सतत उचलला जातो आणि कार्बन डायऑक्साइड सतत येऊन पडतो, म्हणून १५० तिथे १५० राहत नाहीत.

आधी कार्बन डायऑक्साइड काढा. शरीर आरामात असताना मिनिटाला सुमारे २०० मिली तयार करतं. त्याला ०.८६३ ने गुणा आणि कामाला आलेल्या हवेच्या लिटरने भागा. ०.८६३ हा तापमान आणि एककं जुळवणारा स्थिरांक आहे, जास्त खोलात जाऊ नका. पहिल्या माणसाचे २०० गुणिले ०.८६३ भागिले ४.२ म्हणजे ४१ मिमी, अगदी निरोगी; पुढे हिशेबाला ४० धरा. उथळ श्वासाच्या माणसाचे भागिले २.४ म्हणजे ७२. श्वास तेवढेच लिटर, आणि कार्बन डायऑक्साइड जवळपास पावणेदोनपट.

आता ऑक्सिजन. श्वासनळीतल्या आकड्यातून, कार्बन डायऑक्साइडला ०.८ ने भागून आलेली रक्कम वजा करा. शरीर ऑक्सिजनचे शंभर रेणू वापरतं तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे साधारण ऐंशी परत करतं, म्हणून ०.८.

मुंबईतला निरोगी माणूस: १५० वजा (४० भागिले ०.८), म्हणजे १५० वजा ५०. उत्तर १००.
मुंबईतला उथळ श्वासवाला: १५० वजा ९०. उत्तर ६०.
लेहला विमानाने नुकताच उतरलेला: ९४ वजा ५०. उत्तर ४४.

४४ वर माणसाला बरं वाटणं कठीण. शरीर मग श्वास वाढवतं. कार्बन डायऑक्साइड ४० वरून ३२ वर आणला की वजाबाकी ५० ऐवजी ४० ची होते आणि ऑक्सिजन ५४ वर चढतो. बाहेरची हवा तीच, फक्त कचरा जास्त वेगाने बाहेर काढून ऑक्सिजनला जागा करून दिली. लेहला पहिल्या रात्री दारू किंवा झोपेची गोळी घेऊ नका असं सांगतात त्याचं कारण याच ओळीत आहे: दोन्हींनी श्वास मंदावतो आणि जेमतेम कमावलेले दहा मिमी हातचे जातात.

६. दाबावरून टक्का

वायुकोशातून रक्तात जाताना ऑक्सिजनला जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा पडदा ओलांडायचा असतो. तांबडी पेशी केशवाहिनीतून पाऊण सेकंदात पुढे सरकते आणि निरोगी फुप्फुसात पहिल्या पाव सेकंदातच भरून होते. उरलेला अर्धा सेकंद राखीव. पडदा जाड झालेल्या माणसाला बसून काही वाटत नाही आणि जिना चढताच धाप लागते, कारण धावत्या रक्ताला तो अर्धा सेकंद मिळत नाही.

धमनीतल्या रक्तात दाब साधारण ९५. कुठल्या दाबाला हिमोग्लोबिन किती भरतं ते पाठच करा:

१०० मिमीला ९७.५ टक्के
६० मिमीला ९० टक्के
४० मिमीला ७५ टक्के
२७ मिमीला ५० टक्के

उतार सरळ नाही. १०० वरून ६० वर येताना दाब चाळीसने पडला तरी टक्का सात-आठच उतरतो. सह्याद्रीतल्या पठारावर चालल्यासारखं, रमतगमत जा. ६० नंतर कडा लागतो: पुढच्या वीस मिमीत पंधरा टक्के गेले. ऑक्सिमीटर ९८ वरून ९२ वर आला की "सहाच तर कमी झाले" असं म्हणतात. दाबाच्या भाषेत माणूस पठार ओलांडून कड्याशी येऊन उभा आहे.

स्नायूत काम चाललेलं असतं, तिथे ऊब आणि आम्लता वाढलेली असते, तिथे हिमोग्लोबिनची पकड आपोआप सैल होते. यातला आम्लतेचा भाग क्रिश्चन बोर याने १९०४ साली दाखवला. गरज तिथेच माल उतरतो.

७. टक्क्यावरून प्रमाण, आणि आत्या

दर १०० मिली रक्तातला ऑक्सिजन असा काढायचा: हिमोग्लोबिनचे ग्रॅम गुणिले १.३४ गुणिले टक्का, अधिक दाबाला ०.००३ ने गुणून येणारा विरघळलेला भाग. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं की १.३४ मिली ऑक्सिजन धरतं.

निरोगी माणूस, हिमोग्लोबिन १५, टक्का ९८: १९.७ अधिक ०.३, म्हणजे २० मिली.
आत्या, हिमोग्लोबिन ६.८, टक्का ९८: ८.९ अधिक ०.३, म्हणजे ९.२ मिली.
लेहला फिरायला गेलेला भाचा, हिमोग्लोबिन १५, टक्का ८५: १७.१ अधिक ०.१५, म्हणजे सव्वासतरा मिली.

८५ दाखवणाऱ्या भाच्याच्या रक्तात ९८ दाखवणाऱ्या आत्याच्या पावणेदोनपटीहून जास्त ऑक्सिजन होता. भाच्याच्या ऑक्सिमीटरचा फोटो आला तेव्हा घरात रडारड, आत्याकडे मात्र कुणाचं लक्ष नाही. भाचा सुरक्षित होता असं याचा अर्थ नव्हे. त्याच्याकडे रेटा कमी होता आणि पेशीपर्यंत ऑक्सिजन ढकलायला रेटाही लागतोच. पण आत्याची गाडी बारा सीटची होती आणि कंडक्टर "गाडी फुल्ल" म्हणून शिट्टी मारत होता.

शेजारच्यांनी सुचवलं, घरी ऑक्सिजन लावा. हाही हिशेब करून बघू. शुद्ध १०० टक्के ऑक्सिजन दिला आणि धमनीतला दाब ६०० पर्यंत नेला, तर हिमोग्लोबिनचे ९.१ आणि विरघळलेले १.८, म्हणजे १०.९. एवढा खटाटोप करून १.७ मिलीची भर. रक्ताची एक पिशवी हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढवते, तेवढ्यानेच १.३ मिली मिळतात आणि ते टिकतात. रक्त कुठे जातंय ते शोधून लोह सुरू केल्यावर चार महिन्यांत आत्या जिने चढून वर येताना बोलायला लागली. आता ती थांबत नाही, तो वेगळा प्रश्न.

याच ओळीवरचा दुसरा पाहुणा जास्त धोक्याचा आहे. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. समजा हिमोग्लोबिन १४ आहे आणि ३० टक्के सीट त्याने बळकावल्या. ऑक्सिजनला उरल्या ७० टक्के: १४ गुणिले १.३४ गुणिले ०.७ म्हणजे १३.१ मिली. त्यावर कडी म्हणजे उरलेल्या सीटवरचा ऑक्सिजनही तो सहजी उतरू देत नाही, त्यामुळे तेवढंच हिमोग्लोबिन कमी असलेल्या माणसापेक्षा हा माणूस कितीतरी वाईट अवस्थेत असतो. साध्या ऑक्सिमीटरकडे प्रकाशाचे दोनच रंग असतात. त्याला हा वायू धरलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरलेल्यासारखंच दिसतं आणि तो ९७ दाखवतो. धमनीतला दाबही नॉर्मल येतो. तिथे लागते ती सीट कुणी अडवल्यात ते वेगळं सांगणारी रक्ताची तपासणी. न्हाणीघरात कुणी चक्कर येऊन पडलेलं सापडलं तर दार-खिडकी उघडा, त्याला बाहेर हवेत आणा, गिझर बंद करा आणि आकडा कितीही चांगला असो, दवाखाना गाठा. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर सुमारे दीड तास.

८. परतीचा माल

कार्बन डायऑक्साइडवर थोडक्यात भागतं. तो ऑक्सिजनपेक्षा वीसपट सहज विरघळतो, म्हणून त्याला छोटा उतारही पुरतो: शिरेतल्या रक्तात ४६, वायुकोशात ४०, सहाच मिमीचा फरक. ऑक्सिजनला त्याच पडद्यापलीकडे जायला साठचा फरक लागतो. जवळजवळ सत्तर टक्के कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट होऊन रक्तातून जातो, म्हणून तो वाढला की रक्त आम्लाकडे झुकतं.

श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः याच्यामुळे, ऑक्सिजन उतरल्यामुळे नव्हे. पोहायला उतरण्याआधी भराभर दहा-बारा श्वास घेणारी मुलं ऑक्सिजन फारसा वाढवत नाहीत, कारण हिमोग्लोबिन आधीच भरलेलं असतं. ती कार्बन डायऑक्साइड उतरवतात, म्हणजे घरातली धोक्याची घंटाच काढून ठेवतात. पाण्याखाली श्वास घ्यावासा वाटायच्या आत ऑक्सिजन कड्यावरून खाली येतो आणि शुद्ध हरपते. मुलांना हे करताना पाहिलं तर तिथल्या तिथे थांबवा.

९. एबीजीचा कागद वाचताना

एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी. मनगटाच्या धमनीतून घेतलेल्या रक्ताच्या रिपोर्टवर सामू (पीएच), कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि ऑक्सिजनचा दाब असतो. नॉर्मल अनुक्रमे ७.३५ ते ७.४५, ३५ ते ४५ आणि ८० ते १००. वाचण्याआधी सिरिंज कशी आली ते विचारा. आत हवेचा बुडबुडा राहिला तर ऑक्सिजन बाहेरच्या हवेकडे, १५० च्या दिशेने सरकतो आणि कार्बन डायऑक्साइड शून्याच्या. माझ्या पहिल्या वर्षात मी असाच एक सुंदर रिपोर्ट अभिमानाने वरिष्ठांना दाखवला होता. त्यांनी पेशंटचे निळे ओठ दाखवले.

मग पाचव्या पायरीने वायुकोशातला अपेक्षित ऑक्सिजन काढा आणि रिपोर्टमधला त्यातून वजा करा. हा फरक वयाच्या चौथ्या हिश्श्यात चार मिळवून येईल तितपत असावा. साठीच्या माणसाला १९ पर्यंत चालतो.

पुण्यातले दोन पेशंट घ्या, दोघेही साध्या हवेवर. पहिला ६२ वर्षांचा, न्यूमोनिया, कार्बन डायऑक्साइड ३२, ऑक्सिजन ५८. अपेक्षित १३९ वजा ४० म्हणजे ९९, फरक ४१. हवा वायुकोशात पोचते आहे, रक्तात उतरत नाही. बिघाड फुप्फुसात. दुसरा पंचविशीचा, रात्री जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावलेला, पापण्या जड, कार्बन डायऑक्साइड ७२, ऑक्सिजन ४५. अपेक्षित १३९ वजा ९० म्हणजे ४९, फरक फक्त ४. फुप्फुस ठणठणीत आहे, भाता चालवणारे स्नायू विषाने थकलेत.

या दुसऱ्या मुलाला मास्क लावून ४० टक्के ऑक्सिजन दिला तर? ६६४ च्या ४० टक्के म्हणजे २६६, वजा ९०, म्हणजे १७६. ऑक्सिमीटर ९९ दाखवेल आणि सगळे निश्चिंत होतील. कार्बन डायऑक्साइड मात्र ७२ वरून ८०, ९० असा चढतच राहील. त्याला सर्पदंशाची लस हवी आणि श्वास चालवणारं यंत्र हवं. पुण्यात ७११ ऐवजी पुस्तकातले ७६० धरले असते तर त्याचा फरक ४ ऐवजी १५ आला असता आणि कुणीतरी फुप्फुसात दोष शोधत बसलं असतं.

१०. सिलिंडर किती पुरेल

घरी किंवा ॲम्ब्युलन्समध्ये पेशंट नेताना हे लागतंच. सिलिंडरवरचा काटा दाब दाखवतो, साठा नाही. पूर्ण भरलेल्या सिलिंडरला तो चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाखवतो, मग सिलिंडर लहान असो की जंबो. साठा हवा तर काट्याच्या आकड्याला सिलिंडरच्या आतल्या जागेने गुणा. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १० लिटर पाणी मावतं, म्हणून त्यात १५०० लिटर ऑक्सिजन. जंबो डी टाइपमध्ये ४६.७ लिटर, म्हणून ७००० लिटर. आलेल्या लिटरला फ्लोमीटरच्या, म्हणजे मिनिटाला किती लिटर सुटतात त्या, आकड्याने भागलं की मिनिटं मिळतात.

२०२१ च्या एप्रिलमध्ये साताऱ्याहून पुण्याला एका नातेवाइकाला आणताना हे मी गाडीत बसल्यावर केलं, बसण्याआधी नाही. काटा ९० वर, सिलिंडर बी टाइप: ९०० लिटर. मास्कला मिनिटाला ८ लिटर चालू: ११२ मिनिटं. ड्रायव्हर म्हणाला, "अर्ध्यापेक्षा वर आहे मॅडम, आरामात पोचतो." खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला होता आणि आम्ही पाऊण तास एकाच वळणावर. काटा ३५ वर आला. ऑक्सिमीटर ९७ दाखवत होता. रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोन लावला, ९३ च्या खाली जाऊ न देता कमी करून बघा म्हणाले. ८ वरून ५ वर आणला, दहा मिनिटं आकड्याकडे बघत बसले, ९४ वर थांबला. ३५० भागिले ५, सत्तर मिनिटं. रुग्णालयाच्या दारात उतरलो तेव्हा काटा ६ वर होता.